चमकणाऱ्या पट्टीचं चित्र

मी काय शिकवते, हे कोऱ्हाळ्यातल्या माझ्या घरच्यांना मला आजवर सांगता आलेलं नाही. कागदावर त्याला दृश्यसंवाद अभिकल्प म्हणतात. माझी काकी पाहुण्यांना सांगते, "आमची पोरगी फ्लेक्सचं शिकवती." सुरुवातीला मला याचा राग यायचा. मी तिला समजावत बसायचे, की काकी, रस्त्यावरची पाटी, औषधाच्या बाटलीवरचा कागद, यंत्रावरची धोक्याची खूण, हे बघितल्याबरोबर माणसाला कळलं पाहिजे आणि वेळेत कळलं पाहिजे, ते कसं जमवायचं ते आम्ही शिकवतो. ती सगळं ऐकून घ्यायची, चहाचं आधण ठेवायची आणि पुढच्या पाहुण्याला परत फ्लेक्सच सांगायची. आता मी तिला काही म्हणत नाही. आमच्या कॉलेजात जे चालतं ते बघता तिचंच बरोबर आहे.

फ्लेक्सची मला शिसारी आहे. हे मी वर्गात बोलत नाही, इथे बोलते. बारामतीतून इंदापूरच्या रस्त्याला लागा, प्रत्येक चौकात कोणीतरी जन्माला आलेलं असतं. मधोमध वाढदिवसवाला, गॉगल लावून, हात जोडून किंवा फोन कानाला लावून. खाली गोल चौकटीत शुभेच्छुकांची तोंडं, मानाप्रमाणे लहानमोठी. कोणाचं तोंड कोणापेक्षा बोटभर मोठं झालं तर गावात आठवडाभर धुसफूस चालते. दवाखान्याकडे वळा म्हणून सांगणारा एक सरकारी बाण आमच्या रस्त्यावर होता. तो एका इच्छुक उमेदवाराच्या कानामागे गेला, तो आजतागायत तिथेच आहे. लोक दवाखाना विचारत विचारत जातात. कोणालाही त्यात काही वावगं वाटत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त खुपतं.

असल्या मुलखात मी पोरांना शिकवते, की आधी महत्त्वाचं दिसलं पाहिजे. मग ती पोरं सुट्टीत फ्लेक्सच्या दुकानात कामाला जातात आणि तोंडं कापून गोल करतात.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक संशोधन प्रकल्प करायचा असतो. बहुतेक जण चहाच्या दुकानाचा लोगो करतात. त्या वर्षी कन्हेरीची एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मला उसाच्या ट्रॉलीची मागची बाजू करायची." घरी थोडा ऊस, एक म्हैस, आणि वडील लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ऑपरेटर. वडील रोज मोटरसायकलवर जाऊन येऊन करायचे. हंगाम सुरू झाला की रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरतो. हिवाळ्यात सहा वाजले की अंधारून येतं, आणि त्या अंधारात ऊस कोणालाच दिसत नाही. वडिलांना यायला उशीर झाला की तिची आई अंगणात येऊन उभी राहायची. आई तिथून आत यावी, एवढ्यासाठी या मुलीला प्रकल्प करायचा होता. मला इतकी वर्षं शिकवून असलं स्वच्छ कारण कोणी दिलं नव्हतं.

तिने कामही तसंच केलं. इतर पोरं गूगलवरून चित्रं उतरवत होती तेव्हा ही रस्त्याच्या कडेला उभी राहून ट्रॉल्यांचे फोटो काढत होती. दिवसा, तिन्हीसांजेला, दिवे लागल्यावर. फोटो भिंतीवर ओळीने लावल्यावर तिच्या ध्यानात आलं ते इतकं उघड होतं, की मी स्वतःवरच चिडले. ट्रॉलीच्या फळीवर लाल पट्टी चिकटवलेली असते. नियम आहे, दंड आहे, म्हणून असते. पण ऊस फळीच्या बाहेर हातभर लोंबतो आणि वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याचा, झुपका सगळी फळी झाकून टाकतो. पट्टी, नंबर, दिवा, सगळं उसाच्या आत. म्हणजे रिकामी ट्रॉली छान दिसते आणि भरलेली दिसतच नाही.

"मॅडम, खूण ट्रॉलीला नको. उसाला पायजे," ती म्हणाली.

तिने खताच्या रिकाम्या पोत्याचं कापड शिवलं. त्यावर लालपांढऱ्या आडव्या पट्ट्या, उजेड ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत फेकणाऱ्या, हायवेच्या पाट्यांवर असतात तसल्या. चार टोकांना चार नाड्या. ट्रॉली भरून झाली की शेवटी ऊस आवळायला दोर टाकतातच, त्याच दोराला मागच्या बाजूने हे कापड बांधायचं. वेगळं काम नाही, वेगळा माणूस नाही. एका संध्याकाळी कॉलेजच्या मागच्या मैदानात आम्ही ते एका भरलेल्या ट्रॉलीला बांधलं. तिचे वडील कामावरून परस्पर तिकडे आले, पार फाटकापाशी मोटरसायकल थांबवून त्यांनी दिवा लावला. सगळी ट्रॉली काळोखात गुडूप आणि मध्ये त्या पट्ट्या लख्ख पेटलेल्या. मी चक्क टाळ्या वाजवल्या. तिचे वडील गाडी ढकलत जवळ आले, कापड चाचपून बघितलं आणि म्हणाले, "हे असलं सगळ्यांनाच बांधा की वो मॅडम." एवढंच बोलले. बोलका माणूस नव्हताच तो.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. मग ते प्राचार्यांना दिसलं.

आमचे प्राचार्य वाईट माणूस नाहीत, असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर त्यांच्यात वाईटही काही नाही आणि चांगलंही काही नाही, नुसतं अध्यक्षांकडे तोंड आहे. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे तात्या म्हणतात. एक कॉलेज, एक शाळा आणि एक मंगल कार्यालय एवढा त्यांचा संसार. तात्यांचा वाढदिवस ऐन हंगामात येतो. प्राचार्य सरांनी मैदानातल्या ट्रॉलीचा फोटो बघितला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तात्यांच्या वाढदिवसाला आपण हे वाटू. सुरक्षा फलक. समाजोपयोगी संशोधन. कॉलेज तपासायला कमिटी येणार आहे, तिलाही दाखवता येईल." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मी मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आईला सांगते, आणि त्या आठवड्यात दोघींनी तसली आणखी कापडं शिवून कॉलेजात आणून दिली.

आठवड्याने सरांनी परस्पर छापून घेतलेले गठ्ठे आले. मी वरचा उलगडला.

फ्लेक्स होता. मधोमध तात्या, हात जोडून. वर अभीष्टचिंतन. खाली गोल चौकटीत सर, उपप्राचार्य, सगळे विभागप्रमुख आणि कडेला, मला न विचारता, मी. माझा तो फोटो ओळखपत्रावरचा होता. आणि त्या सगळ्याच्या चारी बाजूंनी, किनारीसारखी, लालपांढरी पट्टी. छापलेली. चमकणाऱ्या पट्टीचं चित्र! फ्लेक्सच्या दुकानदाराने मुलीने काढलेल्या फोटोतून ती पट्टी उचलली होती आणि जागोजागी पांढऱ्या चांदण्या टाकल्या होत्या, चमकते आहे असं दिसावं म्हणून.

मी गठ्ठा घेऊनच केबिनमध्ये गेले. "सर, ही पट्टी चमकत नाही."

"चमकते की. बघा ना, चांगला इफेक्ट दिलाय त्याने."

"सर, ते चमकण्याचं चित्र आहे. अंधारात दिवा पडला तर ते काळंच राहणार."

"मॅडम, तुम्ही डिझाइनवाले फार खोलात जाता," सर हसून म्हणाले. "लाल-पांढरं म्हटलं की माणसाला कळतंच की धोका आहे. तुम्हीच शिकवता ना कलरचं?"

हे वाक्य मी कितीतरी दिवस डोक्यातून काढू शकले नाही. दृश्यसंवादाच्या कॉलेजचा प्राचार्य. पट्टीचं चित्र आणि पट्टी यांत फरक आहे, हे ज्याला कळत नाही तो आम्हाला वर्षातून दोनदा अध्यापनाच्या नव्या पद्धतींवर व्याख्यान देतो, आणि आम्ही पुढच्या रांगेत बसून माना डोलावतो.

मी हट्टाने त्यांना संध्याकाळी मैदानात नेलं. मुलगी आणि तिचे वडील परत आले. एका ट्रॉलीवर शेजारी शेजारी फ्लेक्स आणि पोत्याचं कापड बांधलं, मोटरसायकलचा दिवा लावला. कापड पेटलं. फ्लेक्स नव्हताच. लहान पोरालाही कळलं असतं. सर म्हणाले, "ठीक आहे, मग दोन्ही बांधू." मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात ते जवळ गेले, कापड फ्लेक्सवर धरून बघितलं आणि मान हलवली. "नाही हो. तात्यांचा चेहरा झाकला जातोय."

कापडं स्टोअररूममध्ये गेली.

वाढदिवसाचा कार्यक्रम मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. मैदानात ट्रॉल्या धुऊन, हळदीकुंकू लावून उभ्या केल्या होत्या. सुरक्षेसाठी मागे काय दिसतं यावर जिने काम केलं, त्या मुलीला साडी नेसून यायला सांगितलं होतं. तिच्या हातात ओवाळणीचं ताट दिलं. तात्यांनी नारळ फोडला, पहिला फ्लेक्स बांधला, भर दुपारी बारा वाजता. ऊन असं लख्ख होतं की त्या उन्हात काहीही चमकलं असतं. तात्या भाषणात म्हणाले, आपल्या भागात आता एकही अपघात होणार नाही. टाळ्या. त्या मुलीचं नाव कोणी घेतलं नाही. ती ताट धरून उभी होती आणि वाऱ्याने निरांजन सारखं विझत होतं, ते ती सारखं लावत होती. मला त्या मांडवात बसवेना. मी उठून स्टाफरूममध्ये गेले आणि खिडकी लावून घेतली.

त्यानंतर शोधनिबंध, म्हणजे पेपर. आमच्याकडे कोणतीही गोष्ट पेपर निघाल्याशिवाय संपत नाही. पहिलं नाव सरांचं, मार्गदर्शक म्हणून तात्या, मग मी, आणि मुलगी शेवटी आभारात, छायाचित्रण सहाय्य म्हणून. आत लिहिलं होतं, की फलकांमुळे अंधारातील दृश्यमानता लक्षणीयरीत्या सुधारल्याचे आढळून आले. कोणाला आढळलं, कधी आढळलं? अंधारात रस्त्यावर बघायला तर कोणी गेलंच नव्हतं. मैदानात जे एकदाच बघितलं त्यात उलटं दिसलं होतं. मी सरांना सांगितलं, माझं नाव काढा, नाहीतर मी छापणाऱ्यांना कळवते. मला वाटलं होतं, गहजब होईल. सर म्हणाले, "तुमची इच्छा." दुसऱ्या दिवशी माझ्या जागी त्यांच्या सौभाग्यवतींचं नाव होतं. त्या फार्मसीच्या कॉलेजात शिकवतात.

मुलगी मात्र गप्प बसली नाही. स्टोअररूममधली कापडं मी तिला काढून दिली, ती तिने भावकीतल्या आणि गावातल्या ट्रॉल्यांना नेऊन बांधली. काही दिवस राहिली. मग संस्थेची पोरं फ्लेक्स घेऊन गावोगाव फिरली आणि कापडाच्या वर फ्लेक्स बांधून फोटो काढून गेली. तिने एका ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, दादा, निदान वरचा तरी काढा. तो म्हणाला, "तात्यांचं हाय ते. आमी काढला आन उद्या कुणी फोटु घालून दावला, मंग? आन चांगला जाड हाय, हंगाम संपल्याव कडब्याव टाकाया हुईल." तिने मला हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. नव्या ट्रॉल्यांना मागे दिवे असतात, लोखंडी नळीवर मागे काढलेले, उसाच्या बाहेर दिसतील असे. फ्लेक्स बांधायला तेच दिवे सोयीचे पडत होते. म्हणजे आमच्या सुरक्षा फलकाने चालू दिवेही झाकून टाकले. हे मी सरांना लेखी कळवलं. त्यांनी सही करून पोच दिली.

मग व्हायचं तेच झालं. त्यात कोणालाही आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळची वेळ. ट्रॉलीचं टायर बसलं म्हणून ती रस्त्यावरच उभी होती. मुलीचे वडील कामावरून घरी येत होते. सरळ मागून उसात घुसले.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीच्या दवाखान्यात गेले. माणूस शुद्धीवर होता. तोंडभर उसाच्या पात्यांनी कापल्याचे ओरखडे, आणि उजवा पाय गुडघ्याच्या खाली काढला होता. पायाच्या जागी चादर सपाट होती. आई भिंतीला टेकून बसली होती, मुलगी उशाशी उभी. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर ती म्हणाली, "चहा घेतला का मॅडम?" आणि मला रडू आलं. तिला नाही आलं.

तेवढ्यात दारात गडबड झाली. तात्या, त्यांच्यामागे सर, त्यांच्यामागे फळांची करंडी घेतलेला एक जण आणि शेवटी फोनवर शूटिंग करणारा एक. तात्यांनी मुलीच्या वडिलांचा हात हातात घेतला. फोनवाला पलंगाच्या पायथ्याकडून उशाकडे सरकला. तिकडून चादरीचा तो सपाट भाग चित्रात येत नव्हता.

"कसं झालं हो हे?" तात्यांनी विचारलं.

"अंधार हुता, तात्या. काय दिसलं न्हाय. एकदम जवळ गेल्याव तुमचा फोटु दिसला."

मी सरांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. सरांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी शपथेवर सांगते.

"बघा!" ते तात्यांना म्हणाले. "फलक दिसला म्हणून यांनी ब्रेक दाबला. नाहीतर आज काय झालं असतं, विचार करवत नाही."

"देवाची कृपा," तात्या म्हणाले आणि पलंगाकडे वळले. "फोटो दिसला म्हणून ब्रेक दाबला, होय ना? म्हणून वाचलात."

मुलीच्या वडिलांनी एकदा तात्यांकडे बघितलं, एकदा त्या करंडीकडे. मग दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला. एका हाताला सलाईन होती, म्हणून एकच हात छातीला लावला.

"व्हय तात्या," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडलं तोवर तात्या निघालेसुद्धा, पुढच्या खोलीत त्यांच्या ओळखीचं कोणी होतं. सर मागे रेंगाळले. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पेपर अजून छापून यायचाय. हे केस स्टडी म्हणून घालता येईल. प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं मत. तुम्ही परत नाव घालणार असाल तर बघा." मी म्हटलं, "सर, माझ्यासमोरून जा." ते गेले.

मी खोलीत परत आले तेव्हा मुलगी वडिलांच्या तोंडाशी वाकली होती. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता.

"आबा, तुमी ब्रेक दाबला हुता?"

"ब्रेक कुठला, बाय? दिसलं तवा मी उसातच हुतो."

"मंग व्हय कशाला म्हणलासा?"

त्यांना तिचा राग कळेना. त्यांनी बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कोणीतरी पोरीला समजावेल म्हणून. मग स्वतःच समजावलं. "अगं, एवढा मोठा माणूस हितवर भेटाया आला. त्येला तोंडाव न्हाय म्हणायचं व्हय?"

उघड्या दारातून मला व्हरांडा दिसत होता. सर खिडकीच्या उजेडाला उभे राहून फोनमध्ये मुलीच्या वडिलांचं ते 'व्हय' लिहून घेत होते.